सामना त्यांच्या संध्याकाळी, जागरण आपल्या रात्री

कोल्हापूर, प्रतिनिधी – गुरुवार, १ ऑगस्ट २०२४ रोजी दुपारी एक वाजता राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे पॅरिस ऑलिम्पिकमधील ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकाराच्या अंतिम फेरीसाठी उभा राहिला. फ्रान्समध्ये तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते. स्वप्नीलने कांस्यपदक पटकावले आणि हा क्षण भर दुपारी, झोपमोड न करता पाहता आला. परदेशातील स्पर्धा आपल्या सोयीच्या वेळी दिसावी, असा योग मात्र नेहमी येत नाही. ज्यांचे आवडते सामने मैदानावर नव्हे, तर संगणकाच्या आणि मोबाइलच्या पडद्यावर खेळले जातात, त्या ई-स्पोर्ट्सच्या चाहत्यांच्या वाट्याला तर तो क्वचितच येतो.

त्यातही हा चाहता कागल पंचतारांकित एमआयडीसीत तीन पाळ्यांत काम करणारा असेल, तर प्रश्न निव्वळ हौसेचा राहत नाही. तो झोपेचा, यंत्रावरील सुरक्षिततेचा आणि पाळी संपवून महामार्गावरून घरी परतण्याचा होतो.

हौस नवी, मान्यता अलीकडची

ई-स्पोर्ट्स म्हणजे व्हिडीओ गेमच्या, ठरलेल्या नियमांनी आणि पंचांच्या देखरेखीखाली होणाऱ्या स्पर्धा. डोटा, लीग ऑफ लीजेंड्स, काउंटर-स्ट्राइक, व्हॅलोरंट, पब्जी मोबाइल हे त्यातले प्रमुख खेळ. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांशी त्यांची गल्लत अनेक घरांत होते; पण कायद्यानेच आता हा भेद स्पष्ट केला आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा खात्याकडे सोपविला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांच्या खेळांवर बंदी घालताना ई-स्पोर्ट्सला स्वतंत्र मान्यता दिली. त्यापूर्वी, जकार्ता येथील २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांत हा प्रकार प्रात्यक्षिक म्हणून खेळविला गेला, तेव्हा तीर्थ मेहता या भारतीय खेळाडूने हार्थस्टोन खेळात कांस्यपदक मिळविले होते. हांगझोऊ येथे २०२३ मध्ये झालेल्या आशियाई स्पर्धांत तर ई-स्पोर्ट्ससाठी प्रत्यक्ष पदके ठेवण्यात आली.

महाराष्ट्राचा या खेळाशी संबंध जुना आहे. डोटाची ‘ईएसएल वन’ ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाली. त्याच वर्षी जुलैत ‘मॉर्टल’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नमन माथूर यांचा टीम सोल हा संघ पब्जी मोबाइलच्या जागतिक अंतिम फेरीसाठी बर्लिनला गेला. मुंबईची ग्लोबल ई-स्पोर्ट्स ही संस्था २०२३ पासून व्हॅलोरंटच्या पॅसिफिक लीगमध्ये खेळते आणि या लीगचे माहेरघर आहे दक्षिण कोरियातील सोल. म्हणजेच संघ आपला असला, तरी त्याचा सामना आपल्या घड्याळाप्रमाणे होईलच असे नाही.

घड्याळ कोणाचे?

सामना किती वाजता सुरू करायचा, हे खेळाडू ठरवीत नाहीत. जिथे स्पर्धा भरते तेथील प्रेक्षागृह भरले पाहिजे आणि जिथे सर्वाधिक प्रेक्षक पडद्यासमोर बसतात तेथील वेळ सोयीची असली पाहिजे, या दोन गरजांच्या तडजोडीतून वेळ निश्चित होते.

कोल्हापूरच्या फुटबॉलप्रेमींना हे नवे नाही. मेक्सिकोतील १९८६ च्या विश्वचषकाचा अंतिम सामना भर दुपारी बारा वाजता, रणरणत्या उन्हात खेळविण्यात आला. कारण उघड होते. मेक्सिको सिटीत दुपारचे बारा म्हणजे पश्चिम जर्मनीत रात्रीचे आठ. युरोपच्या दूरचित्रवाणीसाठी ती सर्वोत्तम वेळ. खेळाडूंनी तक्रार केली, वेळ बदलली नाही. भारतात तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते आणि मॅराडोनाच्या अर्जेंटिनाचा विजय इथल्या चाहत्यांनी जागरण करूनच पाहिला.

ई-स्पोर्ट्समध्येही गणित तेच आहे, फक्त केंद्र बदलले आहे. लीग ऑफ लीजेंड्सची २०२४ ची जागतिक अंतिम लढत २ नोव्हेंबर रोजी लंडनच्या ओटू अरेनामध्ये झाली. शनिवारची संध्याकाळ मोकळी असतानाही ती दुपारी ठेवण्यात आली. लंडनमध्ये दुपारचे दोन वाजतात, तेव्हा बीजिंगमध्ये रात्रीचे दहा आणि सोलमध्ये अकरा वाजलेले असतात. कोरियाचा टी-वन आणि चीनचा बिलिबिली गेमिंग हे दोन संघ आमनेसामने होते आणि या खेळाचा मोठा प्रेक्षकवर्ग याच दोन देशांत आहे. लढत संध्याकाळी सुरू झाली असती, तर हा प्रेक्षक झोपी गेला असता. या योजनेत भारताचा विचार कोणी केला नव्हता. तरीही आपल्याकडे ती वेळ संध्याकाळी साडेसातची आली. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला, एवढेच.

अर्ध्या तासाचा हिशेब

भारतीय प्रमाणवेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. बहुतेक देशांच्या वेळा पूर्ण तासांच्या अंतराने ठरलेल्या असल्याने आपल्या हिशेबात अर्धा तास कायमचा चिकटला आहे. १ जानेवारी १९०६ पासून ही वेळ अमलात आली, तेव्हा मुंबईतील गिरणी कामगारांनी नव्या घड्याळाला विरोध केला होता. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ त्या शहरात पुढे १९५५ पर्यंत टिकली. घड्याळ बदलले की सर्वांत आधी पाळीवर जाणाऱ्याची झोप बदलते, हे त्या पिढीने अनुभवले होते. कोल्हापूरचा सूर्यही आजतागायत मनगटावरच्या घड्याळापेक्षा सुमारे ३३ मिनिटे उशिरा चालतो, कारण आपण प्रमाणवेळेच्या रेखावृत्तापासून सव्वाआठ अंश पश्चिमेला आहोत.

चाहत्याच्या दृष्टीने जगाचे स्थूलमानाने चार भाग पडतात. पहिला पूर्वेचा. सोल आणि टोकियो आपल्या साडेतीन तास पुढे, चीन, सिंगापूर आणि मनिला अडीच तास पुढे, तर बँकॉक आणि जकार्ता दीड तास पुढे आहेत. सोलमध्ये संध्याकाळी पाचला सुरू होणारा सामना येथे दुपारी दीडला दिसतो. दुसरा भाग आखातातला. सौदी अरेबियातील रियाध आपल्या अडीच तास मागे आहे. तेथील संध्याकाळचे सहा म्हणजे येथे रात्रीचे साडेआठ, म्हणजे जेवणाची वेळ. रियाधमधील २०२५ च्या ई-स्पोर्ट्स विश्वचषकात प्रथमच बुद्धिबळाचा समावेश झाला. त्यात मॅग्नस कार्लसन विजेता ठरला, तर भारताचा अर्जुन एरिगैसी चौथा आला. हे सामने भारतीयांना फारसे जागरण न करता पाहता आले.

तिसरा भाग युरोपचा. बर्लिन, पॅरिस, कोलोन ही शहरे उन्हाळ्यात साडेतीन, तर हिवाळ्यात साडेचार तास मागे असतात. तेथे संध्याकाळी सातला रंगणारी लढत येथे उन्हाळ्यात साडेदहाला आणि हिवाळ्यात साडेअकराला सुरू होते. चौथा आणि सर्वांत अवघड भाग अमेरिका खंडाचा. ब्राझीलमधील साओ पावलो साडेआठ तास मागे आहे. अमेरिकेचा पश्चिम किनारा उन्हाळ्यात साडेबारा, तर हिवाळ्यात साडेतेरा तास मागे असतो. व्हॅलोरंटची ऑगस्ट २०२३ मधील जागतिक स्पर्धा लॉस एंजेलिसला, तर डोटाची त्याच वर्षीची ‘द इंटरनॅशनल’ सिअ‍ॅटलला झाली. तेथे दुपारी बाराला सुरू होणारा खेळ म्हणजे येथे मध्यरात्रीनंतरचा साडेबाराचा प्रयोग. तारीखही बदललेली असते. ‘शनिवारचा सामना’ प्रत्यक्षात आपल्या रविवारी पहाटे होतो आणि चाहते एक दिवस आधी किंवा नंतर गजर लावून फसतात.

उन्हाळी वेळेचा सापळा

भारतात घड्याळे वर्षभर एकच वेळ दाखवितात. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात ती एक तास पुढे करण्यात आली होती.  युरोप आणि अमेरिकेत मात्र दरवर्षी दोनदा घड्याळ बदलते आणि तेही वेगवेगळ्या दिवशी. अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होऊन नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. युरोपात ती मार्चच्या शेवटच्या रविवारी सुरू होऊन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी संपते. त्यामुळे मार्चमधील दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरअखेरचा एक आठवडा नेहमीचा हिशेब चुकतो.

वर उल्लेखिलेल्या २०२४ च्या लीग ऑफ लीजेंड्स स्पर्धेचे उपांत्य सामने पॅरिसमध्ये २६ आणि २७ ऑक्टोबरला झाले. दोन सामन्यांच्या मधल्या रात्रीच युरोपातील घड्याळे एक तास मागे गेली. पॅरिसच्या घड्याळातला तोच तास भारतात शनिवारपेक्षा रविवारी एक तास उशिरा येत होता. शनिवारच्या अनुभवावर विसंबून रविवारी पडद्यासमोर बसणाऱ्याला तासभर ताटकळावे लागले असते. उलट मार्चमध्ये घड्याळ पुढे जाते, तेव्हा सामना सुरू होऊन तास उलटल्यावर चाहता जागा होतो.

कागलमध्ये राहून तीन देश

आतापर्यंतचा हिशेब दिवसा काम करून रात्री झोपणाऱ्याचा झाला. अशा चाहत्यासाठी वेळांचे एक कोष्टक भिंतीवर लावले की भागते. पुणे-बंगळूर महामार्गालगत वसलेल्या कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत मात्र हे कोष्टक अपुरे पडते. इंजिने, ओतकाम, वाहनांचे सुटे भाग आणि कापड अशा उद्योगांत कामे पाळ्यांत चालतात. कागल, करवीर, हातकणंगले तालुक्यांतून आणि सीमेपलीकडच्या निपाणी भागातूनही तरुण येथे कामाला येतात. पाळ्यांच्या वेळा कारखान्यागणिक थोड्या बदलतात. उदाहरणासाठी सकाळी सात ते तीन, तीन ते रात्री अकरा आणि अकरा ते सकाळी सात अशा तीन पाळ्या धरू.

पहिल्या पाळीचा कामगार पहाटे साडेपाचला उठतो. त्याला रियाधचे सामने सोयीचे, सोलचा दुसरा सामना चारनंतर घरी आल्यावर पाहता येतो. पण युरोपची रात्र त्याच्या झोपेवरच येते. दुसऱ्या पाळीचा कामगार साडेअकरा-बाराला घरी पोहोचतो. त्याला पूर्वेचे आणि रियाधचे सामने पूर्ण हुकतात. मात्र इतरांना अशक्य वाटणारे अमेरिकेचे सामने त्याला आवाक्यातले असतात, कारण सकाळी उशिरापर्यंत झोपण्याची मुभा त्यालाच आहे. तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी साडेआठच्या सुमारास झोपतो. त्याच्यासाठी रियाधची संध्याकाळ उत्तम आणि सोलचा दुपारी दीडचा सामना सर्वांत घातक, कारण तो त्याच्या मध्यरात्री सुरू होतो.

पाळी बदलली की या माणसाचे सगळे वेळापत्रक फिरते. कागल न सोडता तो जणू तीन देशांत फिरत राहतो. स्पर्धा तीन आठवडे चालली, तर साखळी सामने एका पाळीत, बाद फेरी दुसऱ्या पाळीत आणि अंतिम सामना तिसऱ्या पाळीत, अशी स्थिती होते. साप्ताहिक सुट्टी रविवारीच मिळेल, याचीही खात्री नसते. युरोप-अमेरिकेतील अंतिम सामने बहुधा रविवारी होतात आणि आपल्याकडे ते रविवारी रात्री किंवा सोमवारी पहाटे येतात. म्हणून ‘हा सामना भारतात किती वाजता’ या प्रश्नाला येथे पुरेसे महत्त्व नाही. ‘त्या आठवड्यात माझी पाळी कोणती’ हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

सतरा तासांची मर्यादा

झोपेचा हा हिशेब का महत्त्वाचा, हे एका जुन्या प्रयोगावरून कळते. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले, की सलग सतरा तास जागे राहिलेल्या माणसाचे हात आणि डोळे यांचे सहकार्य, रक्तात ०.०५ टक्के मद्यांश असलेल्या माणसाइतके मंदावते. भारतात वाहन चालविणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के आहे. मद्याचा थेंबही न घेता माणूस त्या मर्यादेपलीकडे जाऊ शकतो, असा याचा अर्थ.

आता वरील पाळ्यांना हा हिशेब लावून पाहू. पहाटे साडेपाचला उठलेल्या पहिल्या पाळीच्या कामगाराचे सतरा तास रात्री साडेदहाला भरतात. उन्हाळ्यातील युरोपचा सामना नेमका तेव्हाच सुरू होतो. तो दोनपर्यंत चालला, तर साडेपाचच्या गजरापूर्वी जेमतेम साडेतीन तास हाती राहतात. प्रौढ माणसाला तर किमान सात तासांची झोप आवश्यक मानली जाते. रात्रपाळीच्या कामगाराची स्थिती याहून नाजूक. सोलच्या सामन्यासाठी तो दुपारी दीडला उठून बसला, तर त्याचे सतरा तास दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला भरतात. पाळी संपायला अर्धा तास उरलेला असतो आणि त्यानंतर दुचाकी काढून महामार्गावरून घर गाठायचे असते. वितळलेला धातू, फिरते यंत्र किंवा मागून येणारा मालट्रक यांपैकी कोणीही त्याला दुसरी संधी देत नाही.

सामना केव्हा संपणार?

फुटबॉलचा सामना दोन तासांत आटोपतो, असे धरून चालता येते. ई-स्पोर्ट्समध्ये तशी सोय नाही. अनेक मोठ्या लढती तीन किंवा पाच डावांच्या असतात. पहिले दोन डाव एकाच संघाने जिंकले, तर तीन डावांची लढत लवकर संपते. अन्यथा ती लांबत जाते. डोटाच्या डावाला वेळेचे बंधनच नाही. प्रतिस्पर्ध्याचे मुख्य ठाणे पडेपर्यंत तो चालतो. कधी अर्धा तास, कधी तासाहून अधिक. काउंटर-स्ट्राइक आणि व्हॅलोरंटमध्ये तेरा फेऱ्या आधी जिंकणारा संघ डाव घेतो, पण बरोबरी झाल्यास जादा फेऱ्या खेळाव्या लागतात. तांत्रिक बिघाडामुळे खेळ थांबतो, तो वेळ वेगळाच. दिवसाचा दुसरा सामना पहिला संपल्यावर सुरू होत असल्याने जाहीर केलेली वेळ हा केवळ अंदाज असतो. रात्री एकचा गजर लावून उठावे आणि सामना अडीचला सुरू व्हावा, हा अनुभव चाहत्यांना नवा नाही.

मग पाहायचेच नाही का?

‘दुसऱ्या दिवशी ध्वनिचित्रफीत पाहा’ हा सल्ला सोपा आहे, पण त्यात चाहत्याची बाजू लक्षात घेतलेली नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार यांच्या लढतीला जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी निकाल वाचून समाधान होत नाही. निकाल ठाऊक नसताना, आपल्यासारख्याच चार जणांसोबत श्वास रोखून बसण्यात खरी गोडी असते. ई-स्पोर्ट्सच्या चाहत्याला शेजारी बसणारा सोबती पुष्कळदा मिळत नाही. त्याची सोबत थेट प्रक्षेपणाच्या वेळी जमणाऱ्या दूरदूरच्या प्रेक्षकांचीच असते. ती सकाळी उरत नाही. म्हणून थेट पाहण्याची ओढ समजून घेतलीच पाहिजे. प्रश्न ती कोणत्या सामन्यासाठी खर्च करायची, एवढाच आहे.

त्यासाठी काही गोष्टी पाळता येतील. स्पर्धेचे वेळापत्रक जाहीर होताच प्रत्येक महत्त्वाच्या सामन्याची भारतीय वेळ, तारीख आणि त्या आठवड्यातील आपली पाळी एकाच कागदावर लिहावी. मार्च आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ही वेळ आदल्या दिवशी पुन्हा तपासावी. संपूर्ण स्पर्धेतून थेट पाहण्याचे दोन-तीनच सामने निवडावेत. अंतिम सामन्यासाठी सुट्टी किंवा सहकाऱ्याशी पाळीची अदलाबदल हवी असल्यास पर्यवेक्षकाला आधीच सांगावे. आदल्या रात्री सांगितलेली सबब आणि पंधरा दिवस आधी केलेली विनंती यांत फरक असतो.

उरलेले सामने झोप झाल्यावर पाहावेत. त्यासाठी मोबाइलवरील सूचना बंद ठेवाव्यात आणि मित्रांच्या गटात निकाल अमुक वेळेपर्यंत टाकायचा नाही, असा नियम करावा. निकाल न कळता उठून पाहिलेला सामना बव्हंशी थेट सामन्याइतकाच रंगतो. पहिल्या पाळीच्या कामगाराने अमेरिकेच्या सामन्यासाठी जागे राहण्यापेक्षा रात्री नऊला झोपून पहाटे साडेचारला उठावे. सामना लांबला असेल, तर शेवटचा डाव थेट मिळतो, नसेल तर झोप तरी पदरात पडते. रात्रपाळीच्या कामगाराने सकाळी खोलीत अंधार करून सलग झोप घ्यावी आणि सोलचा सामना संध्याकाळी पाहावा. चहा-कॉफीवर जागरण निभावता येते, हा समज फसवा आहे. कॉफीतील कॅफीनचे प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच तास लागतात. मध्यरात्री घेतलेला कप पहाटेची झोपही बिघडवितो. आणि थेट सामन्यासाठी जागरण झालेच, तर दुसऱ्या दिवशी दुचाकीऐवजी कारखान्याच्या बसने किंवा सहकाऱ्याच्या मागे बसून जावे.

कुटुंबीयांनाही या कोष्टकाची माहिती असलेली बरी. रात्री दोनला मोबाइलसमोर बसलेला मुलगा वेळ वाया घालवितो, अशी समजूत होऊन घरात खटके उडतात. तो महिन्यातून दोनदा, ठरवून, झोपेची भरपाई करून जागतो, हे दिसले तर तक्रारीला फारसे कारण उरत नाही. कारखान्यांनीही विश्वचषकाच्या काळात फुटबॉलप्रेमींच्या झोपेची जशी काळजी करायला हवी, तशीच या नव्या खेळाच्या काळातही करावी. सुरक्षिततेच्या बैठकीत हेल्मेट आणि हातमोज्यांबरोबर ‘काल किती वाजता झोपलात’ हा प्रश्न विचारायला खर्च येत नाही.

२०२६ च्या आइची-नागोया आशियाई क्रीडा स्पर्धांच्या कार्यक्रमातही ई-स्पोर्ट्स आहे. नागोया आपल्या साडेतीन तास पुढे. म्हणजे तेथील संध्याकाळ कागलमध्ये पहिल्या पाळीच्या अखेरीस येते आणि रात्रपाळीवाल्याच्या झोपेच्या ऐन मध्यावर. पदकाचा सामना कोणत्या पाळीत येतो, हे ज्याने त्याने आपापल्या कागदावर आधीच मांडून ठेवलेले बरे.